वाढीव मुक्काम : आळंदीच्या वाटेवर विश्रांतीचा दिवस कोण ठरवते?

पुणे–नाशिक रस्त्यावर नारायणगाव आणि आळेफाटा यांच्या दरम्यान, कुकडीच्या काठी वसलेले पिंपळवंडी हे जुन्नर तालुक्यातील गाव पायी चालणाऱ्या वारकऱ्यांना वाटेवरचे गाव म्हणून परिचित आहे, आणि या वाटेवरचे त्याचे स्थान दिंडीच्या नियोजनाच्या दृष्टीने मोठे कुतूहलाचे आहे. शके १२१८ म्हणजे इ. स. १२९६ मध्ये कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वरांनी आळंदीत संजीवन समाधी घेतली, त्यामुळे कार्तिकातील वद्य एकादशी ते त्रयोदशी हे दिवस आळंदीच्या यात्रेचे ठरले. त्या यात्रेसाठी नाशिक, सिन्नर, संगमनेर, अकोले, शिर्डी आणि त्यापलीकडे खानदेशातून निघालेल्या दिंड्या याच रस्त्याने दक्षिणेकडे उतरतात. पिंपळवंडीपासून आळंदी साधारण सत्तर किलोमीटर, म्हणजे रोजच्या वीस-पंचवीस किलोमीटरच्या चालीने तीन किंवा फार तर चार टप्प्यांवर राहते. नाशिकहून निघालेल्या दिंडीची दोन तृतीयांश वाट या ठिकाणी संपत आलेली असते, पायांना थकवा जाणवू लागलेला असतो, आणि दिंडीचालकाने वेळापत्रकात एखादा दिवस हाताशी राखून ठेवला असेल, तर तो कोठे खर्चायचा हा प्रश्न याच पट्ट्यात निकाली काढावा लागतो.

असा राखीव दिवस म्हणजे एकाच गावी दोन रात्री काढणे होय. वारीच्या परिभाषेत दुपारच्या वा मधल्या थोड्या वेळच्या थांब्याला विसावा आणि रात्रीच्या वस्तीला मुक्काम म्हणतात. मुक्काम एका रात्रीने वाढला, की मधला अख्खा दिवस चालण्याशिवाय जातो. वरवर पाहता हा निर्णय पायांवर सोपवावा असे कोणालाही वाटेल, आणि एकट्याने वा दोघांनी चालणाऱ्यांच्या बाबतीत ते खरेही आहे. परंतु शेकडो माणसे, सामानाचा ट्रक, आचारी, वीणेकरी आणि ठरलेल्या पंगती यांचा मेळ घालून चालणाऱ्या दिंडीत पायांचे मत सर्वांत शेवटी विचारले जाते. त्याआधी तिथी, पाणी आणि यजमान या तिघांचे म्हणणे ऐकून झालेले असते.

हे समजून घेण्यासाठी आषाढी वारीतील ज्ञानेश्वरांच्या पालखीचे वेळापत्रक हा सर्वांत चांगला दस्तऐवज आहे, कारण हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या सोहळ्याला जी शिस्त लावली, तिच्यात वाढीव मुक्कामांच्या जागा पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिल्या आहेत. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान होते, पहिली रात्र आळंदीतच जाते, आणि नवमीला पालखी पुण्यात येऊन दोन रात्री राहते. आळंदी ते पुणे हा टप्पा काही फार मोठा नाही, आणि चालण्याच्या पहिल्याच दिवसानंतर कोणाच्याही शरीराला पूर्ण दिवसाची विश्रांती लागत नाही. किंबहुना लय लागण्याआधीच थांबणे चालणाऱ्याला थोडे अडचणीचेच ठरते. पुण्यातील दिवस हा जमवाजमवीचा दिवस आहे. देहूहून निघालेली तुकारामांची पालखीही त्याच सुमारास नाना पेठेतील निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात मुक्कामाला असते, ज्ञानेश्वरांची पालखी भवानी पेठेत असते, निरनिराळ्या गावांहून आलेले वारकरी आपापल्या दिंड्यांना येऊन मिळतात, भिशी म्हणजे दिंडीच्या खर्चातील आपला वाटा भरतात, आणि शहर पालख्यांचे दर्शन घेते. हा मुक्काम शहरासाठी आणि संघटनेसाठी आहे.

पुढचा टप्पा मात्र निराळा आहे. वद्य एकादशीला, म्हणजे उपवासाच्या दिवशी, पुण्याहून दिवे घाट चढून सासवड गाठायचे असते, आणि तीस किलोमीटरच्या वरची ही मजल संपूर्ण वारीतील सर्वांत कष्टाची मानली जाते. त्यानंतर द्वादशीला पालखी सासवडलाच राहते. येथे शरीराची गरज आणि वाढीव मुक्काम यांची गाठ पडली आहे. पण सासवडच का, याचे उत्तर केवळ दमणुकीत सापडत नाही. सासवडला ज्ञानेश्वरांचे धाकटे बंधू सोपानदेव यांची समाधी आहे, आणि सोपानकाकांची पालखी पंढरपूरला प्रस्थान ठेवते ती याच द्वादशीला, थोरल्या भावाची पालखी गावात असताना. कऱ्हाकाठचे पाणी, घाटमाथ्यानंतरचे सपाट रान आणि भावाचे घर या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर तेथे थांबण्याला आणखी कारण शोधावे लागत नाही.

लोणंदचा मुक्काम याहून गमतीचा आहे, कारण त्याची लांबी दर वर्षी सारखी नसते. चंद्र आणि सूर्य यांच्यातील अंतर बारा अंशांनी वाढायला जो काळ लागतो त्याला तिथी म्हणतात. चंद्राची गती कमीजास्त होत असल्याने हा काळ सुमारे एकोणीस ते सव्वीस तासांच्या दरम्यान बदलतो, आणि म्हणून एखादी तिथी एकाही सूर्योदयाला सापडत नाही, तर एखादी दोन सूर्योदयांना सापडते. पहिल्या प्रकाराला क्षय आणि दुसऱ्याला वृद्धी म्हणतात. पालखीने वाखरीला आषाढ शुद्ध नवमीला आणि पंढरपूरला दशमीला पोहोचलेच पाहिजे, हे दोन टोकांचे बंधन पक्के असल्याने मधल्या पंधरवड्यात तिथी कमी झाली की मुक्काम कापावा लागतो आणि वाढली की वाढवावा लागतो. ही कापाकापी मुख्यतः लोणंदला, आणि प्रसंगी फलटणला होते. म्हणूनच लोणंदचा मुक्काम कधी दीड दिवसाचा तर कधी अडीच दिवसांचा म्हटला जातो. यातील अर्धा दिवसही अर्थपूर्ण आहे. लोणंदहून पुढचे तरडगाव अवघ्या आठेक किलोमीटरवर असल्याने पालखी दुपारी निघते, वाटेत चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते, आणि सकाळ विश्रांतीतच जाते. शरीराच्या दृष्टीने पाहिले, तर चालण्याचा एक दिवस पूर्ण बंद ठेवण्यापेक्षा मोठ्या मजलीनंतर अशी आखूड मजल ठेवणे पुष्कळदा अधिक उपकारक असते, कारण स्नायू आखडत नाहीत आणि सूज मात्र उतरते.

आळंदीच्या कार्तिकी वाटेकडे परत वळल्यावर दिसते ते असे, की पुणे–नाशिक रस्त्यावर येणाऱ्या दिंड्यांना आषाढीच्या पालखीसारखा एक सामाईक नेम नाही. प्रत्येक दिंडी आपल्या सोयीने निघते, आणि वद्य अष्टमीच्या सुमारास हैबतबाबांच्या पायरीपूजनाने आळंदीतील सोहळा सुरू होतो तेव्हापासून एकादशीपर्यंत केव्हाही पोहोचते. त्यामुळे निवडीला येथे जागा आहे, आणि ती निवड भूगोलावरून बऱ्यापैकी सांगता येते. संगमनेर सोडल्यावर चंदनापुरी घाट चढून वाट ज्या मुलखात शिरते, त्याला पठार भाग म्हणतात. तो कमी पावसाचा, उघडा आणि विरळ सावलीचा प्रदेश आहे. घारगावला मुळा नदी लागते, बोट्यावरून पुढे आळेफाट्यापर्यंत रस्ता पुन्हा कोरड्या रानातून जातो, आणि आळेफाट्यानंतर मात्र दृश्य बदलते. येडगाव, वडज, माणिकडोह, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांच्या कुकडी प्रकल्पाने या खोऱ्यात बारमाही पाणी खेळवले असल्याने ऊस, टोमॅटो, कांदा आणि द्राक्ष यांची हिरवी शेते रस्त्याच्या दोन्ही अंगांना दिसू लागतात. उत्तरेकडून चालत आलेल्या माणसाला भरवशाच्या पाण्याचा हा पहिला मोठा पट्टा आहे. पुढे नारायणगावला मीना, कळंबजवळ घोड, राजगुरुनगरला भीमा आणि शेवटी आळंदीत इंद्रायणी अशा नद्या ओळीने येतात, म्हणजे पाण्याची चिंता आळेफाट्यालाच बरीचशी मिटलेली असते.

या पट्ट्याच्या सुरुवातीलाच, फाट्यावरून अहिल्यानगरच्या म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या दिशेने थोडे वळल्यावर, आळे हे गाव येते. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, तो रेडा भावंडांबरोबर नेवाशाहून आळंदीकडे परतताना आळे येथे निवर्तला आणि तेथेच त्याला समाधी देण्यात आली, अशी परंपरा आहे. त्या समाधीचे मंदिर आज या परिसरातील मोठे श्रद्धास्थान आहे. या कथेचा ऐतिहासिक कस लावणे हा वेगळा विषय होईल, परंतु वारीच्या दृष्टीने तिचे महत्त्व असे, की आळंदीच्या वाटेवर खुद्द ज्ञानेश्वरांचा थांबलेला मुक्काम म्हणून सांगता येईल अशी ही जागा आहे. जुन्नर तालुक्यातच मांडवी नदीच्या काठी ओतूरला तुकारामांचे गुरू मानले गेलेले बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. ती कल्याणकडून माळशेज घाट चढून येणाऱ्या रस्त्यावर असल्याने त्या बाजूने चालणाऱ्यांना सोयीची, तर नाशिककडून येणाऱ्यांना आडवाटेची पडते. ज्ञानेश्वर आणि तुकाराम या दोघांच्या चरित्रातील एकेक पवित्र थांबा असा एकाच तालुक्यात, आळेफाट्याच्या दोन बाजूंना सापडावा, हा योग वारकऱ्यांना अर्थातच योगायोग वाटत नाही.

श्रद्धेचा कौल असा आळ्याच्या बाजूने पडत असला, तरी व्यवस्थेचा कौल काही वेळा दुसरीकडे जातो. नारायणगाव ही मोठी बाजारपेठ आहे. तेथे दवाखाने, औषधांची दुकाने, चपला शिवून देणारे कारागीर, किराणा आणि भाजीपाला सर्व काही जवळ मिळते, पण मोठ्या गावात दोनतीनशे माणसांना दोन रात्री उतरायला जागा मिळणे अवघड असते. कार्तिक वद्यात ही अडचण विशेष जाणवते. तुळशीचे लग्न लागल्यावर लग्नसराई सुरू होते, आणि रस्त्यालगतची मंगल कार्यालये, जी दिंड्यांना सर्वांत सोयीची, ती मुहूर्ताच्या दिवशी आधीच ठरलेली असतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळाही भरू लागलेल्या असतात, त्यामुळे शाळेची पडवी संध्याकाळी मिळते आणि सकाळी सोडावी लागते. एका रात्रीच्या मुक्कामाला ते चालते, वाढीव मुक्कामाला चालत नाही, फक्त रविवार आला तर गोष्ट वेगळी. राहतो तो देवळाचा सभामंडप आणि एखाद्या शेतकऱ्याने मोकळी करून दिलेली वस्ती. पिंपळवंडीसारख्या नदीकाठच्या, बाजाराच्या गावापासून दहाएक किलोमीटर अलीकडे असलेल्या, जमीनजुमला बरा असलेल्या गावाचे महत्त्व येथे लक्षात येते: रस्ता हाताशी, पाणी हाताशी, आणि औषधपाण्यासाठी मोटारसायकलवरून नारायणगाव किंवा आळेफाटा हाकेच्या अंतरावर.

बागायतीने आणलेल्या समृद्धीला या भागात एक दुसरी बाजूही आहे. उसाच्या दाट शेतांत बिबट्यांनी वस्ती केली असून जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांचा मिळून असलेला जुन्नर वन विभाग माणूस–बिबट्या संघर्षासाठी देशभर ओळखला जातो; माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्रही आहे. कार्तिकात ऊसतोड सुरू होते, तोडणी झालेल्या शेतातून बिबट्यांना दुसरा आसरा शोधावा लागतो, आणि नेमके त्याच दिवसांत दिंड्या पहाटेच्या अंधारात निघतात. या प्रदेशातील लोकांना ठाऊक असलेली गोष्ट अशी, की बिबट्या उभ्या माणसापेक्षा वाकलेल्या वा बसलेल्या माणसावर अधिक सहज झडप घालतो. म्हणून उसाच्या कडेला पहाटे शौचाला बसणे हा येथील सर्वांत मोठा धोका ठरतो. एका रात्रीच्या मुक्कामात हा धोका एकदा पत्करला जातो, दोन रात्रींत दोनदा. वाढीव मुक्कामाची जागा पाहताना देवळाच्या कळसाआधी पुरेशी स्वच्छतागृहे आणि आवारातील दिवे पाहावेत, हा सल्ला भाविकांना कदाचित रुक्ष वाटेल. स्त्रियांची संख्या मोठी असलेल्या दिंडीत मात्र त्याइतका उपयोगाचा दुसरा सल्ला नाही.

वाहनांचा धोका याहून मोठा आहे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये याच रस्त्यावर घारगाव परिसरात शिर्डीच्या बाजूने आळंदीकडे निघालेल्या दिंडीत कंटेनर घुसून चार वारकऱ्यांचा मृत्यू झाला. अलीकडच्या वर्षांत नारायणगाव, मंचर आणि खेड घाट येथे बाह्यवळण रस्ते झाल्याने जड वाहतूक गावांबाहेरून जाऊ लागली, आणि गावातील जुना रस्ता पायी चालणाऱ्यांना काहीसा मोकळा झाला. पण गावे सोडली की चालणारा पुन्हा त्याच वाहतुकीच्या कडेला येतो, आणि ऊस वाहणारे ट्रॅक्टर त्या गर्दीत भर घालतात. थकलेला माणूस कडेने नीट चालत नाही, रांग मोडतो, मागे पडतो. विश्रांतीचा दिवस हा या अर्थाने सुरक्षेचाही भाग आहे, आणि तो रस्त्यावरील सर्वांत गर्दीच्या टप्प्याआधी, म्हणजे चाकणच्या औद्योगिक पट्ट्याच्या पुष्कळ अलीकडे, घेतलेला बरा.

काही दिंड्या मात्र उलट विचार करतात. वाटेत न थांबता चालायचे, एक दिवस आधी आळंदी गाठायची आणि उरलेला दिवस तेथे विसावायचे, हा हिशेब कागदावर आकर्षक दिसतो, कारण देवाच्या दारी एक दिवस अधिक मिळतो. प्रत्यक्षात यात्रेच्या दिवसांत आळंदी हे विश्रांती घेण्याचे ठिकाण राहत नाही: दर्शनाच्या रांगा लांबलेल्या असतात, धर्मशाळा भरलेल्या असतात, आणि वरच्या बाजूच्या सांडपाण्याने फेसाळणाऱ्या इंद्रायणीत स्नान करण्याबाबत जाणकार डॉक्टर सावधच करतील. शिवाय चाल संपल्यावर मिळालेल्या विश्रांतीचा चालीला उपयोग होत नाही. नाशिक वा खानदेशातून येणाऱ्या दिंडीने आपला राखीव दिवस आळे–पिंपळवंडीच्या पट्ट्यात, पठार ओलांडल्यावर लगेच घ्यावा. संगमनेर–अकोल्यातून निघालेल्यांना, ज्यांची चाल येथवर दोनतीन दिवसांचीच झालेली असते, त्यांना पूर्ण दिवसाची गरज नाही, एक आखूड मजल त्यांना पुरेल.

वाढीव मुक्कामाच्या दिवशी नेमके काय घडते, हेही पाहण्यासारखे आहे, कारण त्यावरून हा दिवस कोणाचा हे कळते. सकाळी कपडे धुतले जातात, दाढ्या होतात, फोडांवर पट्ट्या बांधल्या जातात, ओले झालेले अंथरूण-पांघरूण उन्हात टाकले जाते, दुपारी भजन आणि रात्री कीर्तन होते. चालणाऱ्यांना उसंत मिळते, पण स्वयंपाकघराला मिळत नाही. वाटेवर असताना सकाळची न्याहारी एका गावात आणि दुपारची पंगत दुसऱ्या गावात कोणी ना कोणी घालते. मुक्कामाच्या दिवशी सगळी जेवणे एकाच चुलीवर येतात, आणि कीर्तनाला आलेले गावकरीही पंगतीला बसतात. दिंडीच्या ट्रकबरोबर असणाऱ्या आचाऱ्यांना आणि भाकरी थापणाऱ्या बायकांना हा दिवस वारीतला सर्वांत जड जातो, आणि दिंड्यांच्या नियोजनात याचा विचार जितका व्हायला हवा तितका होताना दिसत नाही.

पंगतीमुळे आणखी एक गोष्ट घडते. एखाद्या घराने एका वर्षी दिंडीला जेवण घातले, की पुढच्या वर्षी तीच तिथी आपली, असे ते घर समजते, आणि मुलगा बापाचा तो मान पुढे चालवतो. त्यामुळे मूळ कारण, समजा एखादी विहीर वा एखादा ओळखीचा वाडा, नाहीसे झाले, तरी मुक्काम हलत नाही. वाढीव मुक्काम बदलणे म्हणजे कोणा एका घराचा मान काढून घेणे असते, आणि तसे करण्यापेक्षा दिंडीचालक दोन किलोमीटर जास्त चालणे पत्करतो.

स्पेनमधील सांतियागो दे कोंपोस्तेलाच्या यात्रेत याच्या अगदी उलट स्थिती आढळते. तेथील यात्रेकरूंच्या सार्वजनिक धर्मशाळांत आजारपण नसेल तर सामान्यतः एकच रात्र राहता येते, त्यामुळे विश्रांतीचा दिवस घ्यायचा तर यात्रेकरूला बुर्गोस किंवा लेऑनसारख्या शहरात पैसे मोजून खोली घ्यावी लागते. परिणामी तेथे तो दिवस बहुधा शहरातच पडतो आणि व्यक्तीच्या खर्चाने पडतो. नर्मदा परिक्रमेत तर विश्रांती हा स्वतंत्र ऋतूच आहे: परंपरेने चालणारा परिक्रमावासी आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत चातुर्मासासाठी एका गावी स्थिर होतो, आणि तीन वर्षे तीन महिने तेरा दिवसांच्या परिक्रमेचा मोठा भाग या थांब्यांत जातो.

पावसाळ्यात थांबण्याची ही रीत जुन्नरला नवी नाही. बौद्ध भिक्षूंनी पावसाळ्याचे तीन महिने प्रवास न करता एका ठिकाणी राहावे, या नेमाला वर्षावास म्हणतात, आणि लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी येथील दोनशेहून अधिक लेण्यांतील विहार म्हणजे अशा थांबणाऱ्यांसाठी खोदलेली घरे होत. कोकणातून नाणेघाट चढून येणाऱ्या सातवाहनकालीन व्यापारी वाटेवर घाटमाथ्याजवळ पाण्याची टाकी खोदलेली आहेत, आणि शिवनेरीच्या लेण्यांतील एका शिलालेखात यवन दात्याने दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, दान दिल्याची नोंद आहे. कोणी कोठे थांबावे हे पाण्याने आणि ते पाणी देणाऱ्याने ठरवायचे, हा व्यवहार या खोऱ्यात सुमारे दोन हजार वर्षे जुना आहे. आज पोढीच्या जागी टँकर आणि बोअरवेल आली आहे, आणि दात्याचे नाव दगडाऐवजी फ्लेक्सवर असते.

यात्रा आटोपल्यावर कार्तिकी दिंड्यांतील बहुतेक माणसे एसटीने किंवा सामानाच्याच ट्रकमधून घरी परततात, त्यामुळे परतीच्या मुक्कामांचा प्रश्न पुणे–नाशिक रस्त्यावर फारसा उद्भवत नाही. ज्ञानेश्वरांची पालखी मात्र पंढरपूरहून परत येतानाही पायीच येते. आषाढ पौर्णिमेला गोपाळकाला झाल्यावर ती निघते आणि वद्य दशमीच्या सुमारास आळंदीत पोहोचते. जी वाट जाताना अठरा दिवसांच्या आसपास घेते, ती येताना दहा दिवसांत संपते, पुण्यात वा सासवडला दोन रात्री होत नाहीत, लोणंदला तिथीचा हिशेब जुळवावा लागत नाही, आणि मोजक्या वारकऱ्यांसह चालणारी ही परतवारी रोजची मोठी मजल विश्रांतीच्या एकाही वाढीव दिवसाविना पूर्ण करते.